सात टिंबांचा माळ

नकाशा मी अजून उघडते. उघडायचा नाही असं रोज ठरवते, आणि मधल्या सुट्टीत मुलं खिचडीच्या पंगतीला बसली की अंगठा आपोआप तिथेच जातो. आधी सगळा देश दिसतो, मग ठाणे जिल्हा, मग मुरबाडच्या पुढे धसईचा रस्ता. रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला आमचं गाव, वीस-पंचवीस छपरं, आणि छपरांच्या वर आईचा माळ. दोन बोटं फाकवली की माळ मोठा होतो. इतका सहज मोठा होतो की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तो माळ चढून चढून आईच्या गुडघ्यांचं काय झालं ते मी बघितलंय.

मी शिक्षिका आहे. माहेर मुरबाड तालुक्यात, सासर आणि नोकरी शहापूर तालुक्यात. माझं तोंड फटकळ आहे असं घरचे म्हणतात. शाळेतले म्हणत नाहीत, पण त्यांच्या तोंडावर दिसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कोणाकोणावर चिडणार आहे. चिडण्यासारखी पहिली व्यक्ती मीच आहे, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

नकाशाची आणि माझी ओळख एका प्रशिक्षणात झाली. आम्हा शिक्षकांना वर्षातून चार-दोन प्रशिक्षणं असतातच. चहा, बिस्किटं, हजेरीची सही आणि एक साहेब. त्या वेळचा विषय होता, मुलांना संगणकावरचा नकाशा कसा दाखवावा. पडद्यावर आपलं गाव शोधायचं, जवळ जायचं, लांब यायचं, उपग्रहाने वरून काढलेला फोटो बघायचा, नदीच्या काठाकाठाने पार उगमापर्यंत जायचं. फोटोवर टिंबं टाकत टाकत एखादी जागा बंदिस्त करता येते, आणि बंदिस्त केली की ती किती गुंठे भरते ते नकाशाच सांगतो. बाकीचे शिक्षक जांभया देत होते. मी अर्ध्या तासात शाळा, तलाव, बाजार सगळं मोजून मोकळी झाले. साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना करून दाखवायला सांगितलं. मी माझं माहेर दाखवलं. "ही आमची विहीर, हे आमचं घर, आणि हा डोंगरावरचा आमचा माळ." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यात गेल्या आणि बरेच दिवस तिथेच राहिल्या.

आमचा माळ म्हटलं खरं, पण कागदावर तो आमचा कधीच नव्हता. गावाच्या खाली भाताची खाचरं आहेत, त्यांचा सातबारा आहे, त्यावर बाबांचं नाव होतं, बाबा गेल्यावर आईचं लागलं. पण वरचा सगळा उतार कागदोपत्री जंगल. आजोबांनी तिथे नाचणी काढली, बाबांनी काढली, बाबांच्या मागे आई काढते. घरात वर्षभर भाकरी होते ती त्या माळाची. खालचा भात निम्मा धसईच्या बाजारात जातो, वरची नाचणी घराबाहेर जात नाही.

वरच्या माळाची रीत वेगळी. खाली दरवर्षी भात लावता येतो. वर उतार असतो, माती पातळ असते, तिला दरवर्षी ओरबाडून चालत नाही. पहिल्या साली नाचणी, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली खुरासणी, आणि मग माळ सोडून द्यायचा. तीन पावसाळे त्यात कुदळ घालायची नाही. झुडपं वाढतात, गवत माजतं, पाला कुजतो, माती परत धरते. आमच्याकडे म्हणतात, माळ निजला. तोवर ओढ्याच्या दुसऱ्या अंगाचा माळ उठवायचा. ज्या साली उठवायचा त्या साली ऐनाच्या झाडाखालच्या दगडापुढे नारळ फोडायचा, झुडपं तोडायची, तिथेच जाळायची आणि राखेत पेरायचं. प्रत्येक घराचे असे दोन तुकडे, एक जागा, एक निजलेला. निजलेल्या माळात कोणाचीही गुरं चरोत, पण दुसऱ्याच्या निजलेल्या माळात कोणी पेरत नाही. भावाभावांची बोलाचाल बंद असली तरी पेरत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, कारण लिहायची वेळच कोणावर आली नव्हती.

मग ती वेळ आली. पिढ्यान् पिढ्या कसलेली जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर करता येते असा कायदा आहे. अट एवढीच, की एका ठरलेल्या सालाच्या आधीपासून ती कसत असल्याचं दाखवता आलं पाहिजे. गावात त्यासाठी समिती झाली. तिचे अध्यक्ष माझे काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. होळीच्या आधी त्यांचा फोन आला.

"बाय, अर्जाला नकाशा लागतो. बाकीच्या घरांचं मी वहीत काढतोय, माज्या हातानं. पन तू मास्तरीन हायस, तुला मोबाईलवरचा येतो म्हनतात. तुज्या आयचा तू काढशील तर चांगला व्हईल."

मला कोण आनंद झाला. काकांचे वहीतले नकाशे मी आधी बघितले होते. चौकडीच्या वहीच्या पानावर निळ्या पेनाने ओढा म्हणून एक नागमोडी रेघ, झाड म्हणून एक छत्री, आणि दोन्ही बाजूंना बटाट्यासारखे दोन गोळे. एका गोळ्यात लिहायचे 'लावलेला', दुसऱ्यात 'निजलेला'. मला हसू आलं होतं. मी ते शाळेतल्या बाईंना सांगितलंही होतं, आणि आम्ही दोघी हसलो होतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शहापूरहून मुरबाडची एसटी धरली, तिथून धसईची, आणि पुढे जीप. रविवारी उन्हं चढायच्या आत आईबरोबर माळावर गेले. आई ऐनाच्या फांद्या तोडायला आली होती, भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला त्या लागतात. कमरेला कोयता, डोक्याला फडकं. मी एका खडकावर बसून मोबाईल काढला. रेंज वर चांगली येते. आमच्या गावात घरात बसून फोन लागत नाही, माळावर मात्र सगळं जग लागतं.

"आये, आपला माळ कुठून कुठं?"

"ह्यो काय," आई म्हणाली. नाचणीची सुकलेली ताटं उभी होती तिथपासून तिने हात फिरवला. मग तोच हात ओढ्यापलीकडे नेला. "आन त्यो. त्यो आता निजलाय."

पलीकडे करवंदाच्या जाळ्या होत्या, गवत होतं, मधूनमधून पोरसवदा साग. मी नकाशात बघितलं. फोटोत या अंगाचा तुकडा मोकळा, पिवळसर, कोणालाही शेत वाटेल असा. पलीकडचा हिरवा-काळा, दाट. मला वाटलं, हा तुकडा दाखवला तर ऑफिसातली माणसं म्हणणार, ही बाई सरळसरळ जंगल मागतेय. हावरटपणा दिसेल. आहे तेही जाईल. हा माझा हिशेब होता आणि तो मी कोणालाही न विचारता केला.

"आये, लावलेला तेवढाच दाखवू. पडीक नको."

"पडीक कुठं हाय? निजलाय."

"त्यांना तसं कळत नाही ना."

"मंग सांग त्यानला. दोन्ही मिळून एक माळ हाय गो. एकावर कोन जगल?"

"आये, मला कळतं त्यातलं."

आई गप्प झाली. माझ्यापुढे ती अशीच गप्प होते, मी सातवीत गेले तेव्हापासून. ती शाळेत गेलेली नाही, आणि मी शाळेतलं काहीही बोलले की तिला वाटतं, असेल बुवा तसं. तिने फांदी ओढली आणि कोयता चालवायला लागली. मी टिंबं टाकली. पहिलं खालच्या वाटेजवळ, दुसरं बांधाच्या कोपऱ्यावर, मग ओढ्याच्या कडेने दोन, वर खडकापाशी दोन, आणि सातवं मी बसले होते तिथे. सातवं टिंब पहिल्याला जोडलं आणि आतला भाग निळसर झाला. गुंठे आले. मी आईला स्क्रीन दाखवली. ती डोळे बारीक करून म्हणाली, "उन्हाचा कायच दिसत नाय." डोळ्यात मोतीबिंदूही उतरत होता, ते आम्हाला नंतर कळलं.

सोमवारी मुरबाडला उतरून मी झेरॉक्सच्या दुकानात त्या नकाशाची रंगीत प्रिंट काढली आणि वर तिला लॅमिनेशन केलं. हो, लॅमिनेशन. सरकारी अर्जाला जोडायचा कागद मी प्लास्टिकमध्ये घालून चकचकीत करून आणला, शाळेतल्या भिंतीवरच्या तक्त्यासारखा. कडेला टाचणी लागेना म्हणून काकांनी त्याला पंचने भोक पाडून सुतळीने बांधला. खाली 'नकाशा काढणार' म्हणून माझी सही, सहीखाली 'सहशिक्षिका'. ती ओळ लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

पावसाळा गेला. त्या साली नाचणीनंतर वरई होती, ती आईने काढली. दिवाळीनंतर सुनावणीचं बोलावणं आलं. कोणतं ऑफिस, कोण साहेब, ते लिहीत नाही. लिहून काही परत मिळणार नाही, आणि खरं सांगायचं तर साहेब वाईट नव्हते. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली. टेबलावर संगणक होता, आणि त्यावर तोच नकाशा उघडा होता. माझा नकाशा. मला क्षणभर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आमच्या आधी गावातल्या दोन घरांचे अर्ज झाले. साहेब काकांचं वहीचं पान हातात धरायचे, पडद्यावर ओढा शोधायचे, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना बघायचे. नकाशाला एक सोय असते, ती मला प्रशिक्षणात कोणी शिकवली नव्हती. खाली एक पट्टी असते, ती मागे सरकवली की जुने फोटो दिसतात, एकेका सालाचे. साहेब पट्टी सरकवून ठरलेल्या सालावर न्यायचे. त्या साली या अंगाला झाडी, त्या अंगाला शेत. पुढे कुठल्या साली उलटं. काकांच्या पानावर दोन्ही गोळे होते, त्यामुळे शेत कुठल्याही बाजूला असलं तरी गोळ्यातच पडायचं. "ठीक आहे," साहेब म्हणायचे, आणि कारकून लिहून घ्यायचा. दोन्ही घरांचं काम दहा मिनिटांत झालं.

मग आमचं पाकीट उघडलं. साहेबांनी माझं लॅमिनेशन बघितलं आणि म्हणाले, "व्वा मॅडम, तुमचा नकाशा एकदम नीटनेटका आहे." मी चक्क थँक्यू म्हटलं. त्यांनी माझी सात टिंबं जशीच्या तशी पडद्यावर टाकली आणि पट्टी मागे सरकवली. माझ्या रेघेच्या आतला पिवळा रंग जात जात हिरवा झाला. ठरलेल्या सालावर पट्टी थांबली तेव्हा आत नुसती झाडी होती. शेताचा मागमूस नव्हता.

"इथे तर जंगल आहे," साहेब म्हणाले.

आई पुढे वाकली. पडद्यावर ऊन नव्हतं, पडदा मोठा होता. तिने बोट लावलं ते माझ्या रेघेच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे. तिथे एक फिकट तुकडा होता, मध्ये चुन्याच्या ठिपक्यासारखं गोल. "ह्यो माजा माळ. ही नाचनी काढल्याली. आन ह्ये खळं."

साहेबांनी बघितलं. मी सगळं एका दमात सांगायला लागले, तीन सालं, मग सोडून द्यायचं, मग दुसरा तुकडा, दोन्ही मिळून एक माळ. ओढ्यापलीकडे बोट करून आईने जे मला सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगत होते, आता, ऑफिसात. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ते कळत होतं, आधीची दोन घरं त्यांनी तशीच मंजूर केली होती.

"मॅडम, मला मान्य आहे. पण अर्ज या रेघेचा आहे. तो तुकडा तुम्ही मागितलेलाच नाही." मग आईकडे वळून, अगदी साधेपणाने, "मावशी, तो तुमचा होता तर नकाशात का नाही दाखवला?"

मी तोंड उघडलं. शप्पथ सांगते, उघडलं होतं. म्हणायचं होतं, तिने दाखवला होता, मी घेतला नाही. पण त्याच्या आधी मनात आलं की खाली सही माझी आहे, सहीखाली सहशिक्षिका आहे, कारकून लिहून घेतोय, आणि उद्या कोणी विचारलं की सरकारी नोकर असून अर्धवट नकाशा का जोडला, तर काय सांगू. एवढाच वेळ. एक घोट गिळायला लागतो तेवढा. तेवढ्यात आई बोलली.

"माज्या ध्यानात नाय आला, सायब. म्हातारी झाले."

कारकुनाने लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं आणि आईचा अंगठा घेतला. सासूशी, मुख्याध्यापकांशी, एसटीच्या कंडक्टरशी भांडणारं माझं फटकळ तोंड तेव्हा बंद होतं. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "असं का सांगितलंस?" ती म्हणाली, "तुजी नोकरी हाय." आणि स्टँडकडे चालायला लागली. मुरबाडच्या स्टँडवर आम्ही वडापाव खाल्ला. तिने अर्धा कागदात बांधून घेतला, घरी जाऊन खाईन म्हणून. मला त्या दिवशी रडायलाही आलं नाही, इतकी मला माझी लाज वाटत होती.

अर्ज नामंजूर झाला. मी अपील केलं. त्यात सगळं कबूल केलं, दोन पानं भरून, की आईने दोन्ही तुकडे दाखवले होते, एक मी गाळला, सुनावणीत ती मला सांभाळून घेण्यासाठी तसं बोलली. सही करताना सहशिक्षिका लिहिलं नाही. काकांनी आणि गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांनी जबाब दिले. मग काहीच कळलं नाही. मधल्या काळात मी नकाशा रोज उघडायला लागले. आमच्याकडचे फोटो कायम उन्हाळ्याचे नाहीतर थंडीचे असतात, कारण पावसात वर ढग असतात. म्हणजे नाचणी हिरवीगार उभी असते तेव्हा तो उपग्रह आमच्याकडे कधी बघतच नाही. बघतो ते पीक काढून नेल्यावर, आणि मग म्हणतो इथे काही नाही. हे मला शाळेत मुलांना शिकवता आलं असतं. शिकवलं नाही. मुलांना तो नकाशा दाखवायचा मी त्या सालापासून बंद केला आहे, आणि अहवालात मात्र दाखवला असं लिहिते.

एका उन्हाळ्यात फोटो बदलला. ओढ्यापलीकडच्या निजलेल्या माळावर झुडपं नव्हती. त्या जागी बारीक बारीक ठिपक्यांच्या रांगा होत्या, सरळ, वहीत आखल्यासारख्या. मला वाटलं, आईने माळ उठवला की काय. फोन केला तर काका म्हणाले, "जंगलखात्याचे खड्डे हायती गो. झाडं लावायचीत म्हनं. भोवती चर मारलाय, गुरं बी जात नाय." शहापुरात बसून मी ते आईच्या आधी बघितलं होतं असं वाटलं, पण तसं नव्हतं. आई रोज बघत होती. तिने मला सांगितलं नव्हतं.

या वर्षी आई माझ्याकडे आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. एक डोळा झाला. काळा चष्मा लावून ओट्यापाशी पाटावर बसायची आणि तांदूळ निवडायची. मी म्हणायचे, राहू दे, तिला चैन पडायचं नाही. ती म्हणायची, ह्या डोळ्यानं खडा आधी दिसतो. त्याच आठवड्यात काकांनी अपिलाच्या निकालाच्या पत्राचा फोटो पाठवला. मी ते आधी एकटीने वाचलं. मग आईने विचारलं, "कोनाचं आलं?"

"काकांचं. निकालाचं पत्र हाय."

"वाच."

"आपल्या बाजूने लागला नाही गो आये."

"वाच तरी. काय लिवलाय ते."

वाचायला लागले. सरकारी मराठी आहे, मी वाचता वाचता सोपं करून सांगत होते, वर्गात करते तसं. पहिल्या तुकड्यावर ठरलेल्या साली झाडी दिसते, म्हणून तो देता येत नाही. इथपर्यंत आई मान हलवत होती. पुढचं वाक्य मला सोपं करता येईना. मी तसंच वाचलं. "ओढ्यापलीकडील क्षेत्राबाबत, अर्जदार महिलेने सुनावणीवेळी सदर जागा आपल्या स्मरणात नसल्याचे स्वतः सांगितले आहे. सबब तिचा तेथील कब्जा मान्य करता येत नाही."

आईने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मी चार शब्द ऐकून तरी घेतले असते. ती म्हणाली, "त्यो नकाशा दाखव. आता दिसल मला."

मी उघडला. तिने चष्मा कपाळावर सरकवला. मी आताचा फोटो आणला तर म्हणाली, "ह्यो नको, खड्ड्यांचा नको. सायबानं दाखवल्याला." मी पट्टी मागे नेली. ठरलेलं साल आलं. फोटो धुरकट होता. घर मलाही चटकन सापडलं नाही, पण तिचं बोट सरळ ओढ्यापलीकडे गेलं.

"ह्यो ऐन. ह्याच्या बुडी दगड. ह्ये खळं. ह्या अंगाला तूर लावल्याली, कडं कडंनं. ही खोप. रानडुक्कर यायचं म्हनून तुजा बाबा हितं निजायचा, पावसात. हितं वरती तू पडलेलीस, खोक पडली."

माझा हात कपाळाकडे गेला. खूण अजून आहे. ती बोलतच होती, आणि बोट एका नखाएवढ्या जागेत फिरत होतं. हा बांध बाबांनी घातला, तो आजोबांचा, मध्ये एक खडक आहे त्याला नांगर लागतो म्हणून तेवढं सोडून पेरायचं, खालच्या कोपऱ्यात माती काळी, तिथे नाचणीचं कणीस हाताएवढं यायचं. एकही गोष्ट तिने थांबून आठवली नाही. पत्रातली 'स्मरणात नसल्याचे' ही ओळ माझ्या डोक्यात फिरत होती, आणि ती बोटाने एकेक दाखवत होती.

"ह्या साली नाचनी," ती म्हणाली, आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. "मंग वरई. मंग खुरासनी. मंग निजला. मंग परत उठवला..." ती सगळ्या वर्षांतून मोजत मोजत पुढे आली, कुठेही अडली नाही, एका हाताची पेरं संपली तेव्हा दुसऱ्या हातावर गेली. मी मनात तिच्याबरोबर मोजत होते. शेवटच्या पेरावर ती थांबली.

"यंदा ह्योच उठवायचा व्हता," ती म्हणाली.

मी तेव्हा म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर म्हटलं, "आये, तू दाखवला होतास. मीच घेतला नाही."

"व्हय," आई म्हणाली. नाही म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. तिने चष्मा परत डोळ्यांवर ओढला आणि तांदळाचं ताट मांडीवर घेतलं. मोबाईल माझ्या हातात तसाच उघडा होता, त्या जुन्या सालावर, आणि मला पट्टी पुढे सरकवायचा धीर होईना.